सील फोडलं, वस्तू चांगली आहे, पण आता नको आहे. दुकानदाराला ती परत घ्यावीच लागते का?

हेडफोन आणला, बॉक्स उघडला, कानाला लावला. आवाज छान, बॅटरी छान. पण अर्ध्या तासात कान दुखायला लागतात. किंवा नवा लॅपटॉप घेतला आणि दोन दिवसांत कळलं की ऑफिसकडूनच एक मिळणार आहे. वस्तूत काहीच बिघाड नाही, फक्त ती आता नको आहे. दुकानात परत न्यावी तर उत्तर ठरलेलं असतं, "सील फुटलंय, आता नाही घेता येणार."

मग काउंटरवर वाद. गिऱ्हाईक म्हणतं, बिल आहे, ग्राहक कायदा आहे, पैसे परत द्या. दुकानदार बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवतो, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. या वादात बहुतेक वेळा दोघांनाही कायदा अर्धाच माहीत असतो.

आधी थेट उत्तर

वस्तू चांगली चालत असेल आणि विकताना सांगितली तशीच असेल, तर केवळ मन बदललं म्हणून ती परत घ्यायला भारतातला कायदा दुकानदाराला भाग पाडत नाही. अशा वेळी तुम्हाला तेवढंच मिळतं, जेवढं त्या दुकानाने स्वतःहून कबूल केलेलं असतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधला परताव्याचा नियम आहे तो सदोष वस्तूंसाठी. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला दुकानदाराने नकार दिला, तर ती 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरते. त्यासाठी बिलावर लिहिलेली मुदत धरली जाते. बिलावर मुदत नसेल, तर ३० दिवस. सोशल मीडियावर 'कोणतीही वस्तू ३० दिवसांत परत करता येते' असं सांगितलं जातं ते याच तरतुदीवरून. त्यात 'सदोष' हा शब्द गाळलेला असतो.

'१४ दिवसांत कारण न देता परत' हा नियम खरा आहे, पण तो युरोपीय संघ आणि ब्रिटनमधला. तिथेही तो प्रामुख्याने ऑनलाइन, फोनवरून किंवा दारावर केलेल्या खरेदीला लागतो. दुकानात जाऊन, हातात घेऊन केलेल्या खरेदीला नाही.

मग सील फोडल्याने हक्क जातो का?

वस्तू सदोष असेल तर नाही. टीव्हीच्या स्क्रीनवर रेघ आहे की नाही, हे बॉक्स उघडल्याशिवाय कळणार कसं? कायदा वस्तू सदोष आहे का ते बघतो. बॉक्स उघडला की नाही, यावर परताव्याचा हक्क ठरत नाही. म्हणून 'सील फुटलंय' हे उत्तर बिघडलेल्या वस्तूला चालत नाही. 'कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा' एवढं सांगूनही दुकानदाराला हात झटकता येत नाहीत.

बिलावरच्या त्या छापील ओळीचंही तसंच. अशी ओळ बिलावर छापू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने १९९९ मध्येच राज्यांना कळवलं होतं. ती छापली म्हणून सदोष वस्तूवरचा तुमचा हक्क संपत नाही. पण उलटंही खरं आहे. ती ओळ बेकायदा ठरली, म्हणून चांगली वस्तू परत करण्याचा नवा हक्क तयार होत नाही.

दुकानदार इतका अडून का बसतो?

उघडलेली वस्तू त्याला पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी असल्याचं भासवून विकणं हीसुद्धा याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे तुम्ही परत केलेला हेडफोन पुढच्या गिऱ्हाइकाला पूर्ण किमतीत, नवा म्हणून खपवला, तर दुकानदार त्यात अडकू शकतो. अनेक फोनची वॉरंटी तो सुरू केल्या दिवसापासून मोजली जाते. कानात घालायच्या इअरबडच्या बाबतीत स्वच्छतेचा प्रश्न येतो. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत उघडलेला बॉक्स घेऊन परत गेलात आणि दुकानदाराने थोडे पैसे कापून वस्तू घेतली किंवा तेवढ्या रकमेची दुसरी वस्तू दिली, तर ती त्याची तयारी आहे, कायद्याची सक्ती नव्हे.

वस्तू चालते, पण सांगितलं ते करत नाही

खरी गोष्ट इथे आहे. 'चालू स्थितीत आहे' म्हणजे 'दोष नाही' असं प्रत्येक वेळी नसतं. कायद्यात 'दोष' म्हणजे फक्त बिघाड नाही. विक्रेत्याने वस्तूबद्दल जो दावा केला, त्या दर्जाला ती उतरत नसेल तर तोही दोषच.

समजा, तुम्ही विचारलंत, "मुलीला इंजिनीअरिंगसाठी हवाय, यावर ऑटोकॅड नीट चालेल ना?" दुकानदार म्हणाला, "आरामात चालेल." घरी आल्यावर लॅपटॉप सुरू होतो, पण ऑटोकॅड उघडलं की अडकतो. किंवा "हा इन्व्हर्टर फ्रिजचा लोड घेईल" असं सांगून दिला आणि तो फक्त पंखे-दिवेच चालवतो. अशा वेळी "मन बदललं" असं म्हणत दुकानात जाऊ नका. "जे सांगून विकलं, ते ही वस्तू करत नाही" असं म्हणा. माल विक्री कायदा १९३० सुद्धा गिऱ्हाइकाने आपली गरज सांगून, विक्रेत्याच्या सल्ल्यावर विसंबून घेतलेल्या वस्तूला काही संरक्षण देतो. मात्र तुम्ही स्वतःच ठरावीक ब्रँडचं ठरावीक मॉडेल मागून घेतलं असेल, तर हा आधार कमकुवत होतो.

अडचण पुराव्याची असते. तोंडी बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. म्हणून गरज आणि उत्तर दोन्ही व्हॉट्सअॅपवर लेखी असलेलं बरं.

ऑनलाइन घेतलं असेल तर?

ई-कॉमर्स नियम २०२० नुसार वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर आली असेल, तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. उशिराला अपवाद आहे तो फक्त आवाक्याबाहेरच्या कारणांचा. पण नुसतं आवडलं नाही म्हणून परत करण्याचा हक्क इथेही नाही. तिथे वेबसाइटचं धोरण चालतं. परतावा, बदली आणि वॉरंटीच्या अटी ग्राहकाला आधी दिसतील अशा मांडणं मात्र बंधनकारक आहे. अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंसमोर 'फक्त बदली' असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्या धोरणात पैसे परत नाहीत, बिघडली तर तीच वस्तू दुसरी मिळेल. ते वाचून, स्क्रीनशॉट काढून मगच पैसे भरा.

पैसे देण्याआधी एवढं करा

- "उघडून बघितल्यावर नको वाटलं तर काय?" हा प्रश्न काउंटरवरच विचारा. उत्तर 'हो' असेल तर किती दिवसांत, रोख की बदली, किती कपात, हे बिलावर लिहून आणि शिक्का मारून घ्या. लिहून दिलेला शब्द दुकानदारावर बंधनकारक ठरतो.
- पक्कं बिल घ्याच. बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- हेडफोन, कीबोर्ड, स्पीकर यांसारख्या गोष्टी दुकानातल्या डेमो पीसवर वापरून बघा.
- घरी बॉक्स उघडताना सलग व्हिडिओ काढा. बॉक्स, थर्माकोल, केबल लगेच फेकू नका.
- परत करायचा फोन किंवा लॅपटॉप असेल तर आपलं खातं काढून टाका, डेटा पुसा.

दाद कुठे मागायची?

वस्तू सदोष आहे किंवा लेखी कबुली देऊनही दुकानदार फिरला, तर आधी त्याला लेखी कळवा. उपयोग झाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. दोष वरवर दिसत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

पण चांगल्या चालणाऱ्या, केवळ नकोशा झालेल्या हेडफोनसाठी ही वाट नाही. तिथे दुकानदाराशी गोडीने बोलून जे पदरात पडेल ते घ्या. कारण त्या सौद्यात तुमचा जोर होता तो पैसे देईपर्यंतच.