लायराला बोलायला कोणीतरी हवं होतं

‘द रोझ फील्ड’ ऑक्टोबर २०२५मध्ये आली आणि लायराची गोष्ट संपली. १९९५च्या ‘नॉर्दर्न लाइट्स’पासून सुरू झालेला प्रवास तीस वर्षांनी सहाव्या कादंबरीत थांबला. शेवट पटला की नाही, यावर वाचकांत दोन तट पडले आहेत. तो वाद ज्यानं त्यानं पुस्तक वाचून मिटवावा. मला या निमित्तानं उलट्या दिशेनं जायचं आहे. फिलिप पुलमन यांची ही दुनिया लेखनाच्या टेबलावर कशी घडली, ते मला तिच्यातल्या कुठल्याही जादूइतकंच विलक्षण वाटतं.

पहिलं प्रकरण आठवा. जॉर्डन कॉलेजच्या प्राध्यापकांच्या खोलीत लायरा चोरून शिरते, लपते आणि जे ऐकू नये ते ऐकते. हा प्रसंग पुलमन यांच्या मनात होता, पण कागदावर उतरत नव्हता. किती वेळा लिहिला, तरी निर्जीव. अडचण अगदी साधी होती, कारागिरीची होती. मुलगी एकटी आहे, घाबरलेली आहे, पण कुतूहल तिला बाहेर पडू देत नाही. आणि हे बोलून दाखवायला समोर कोणी नाही. मग लेखकालाच मध्ये पडून तिला काय वाटलं ते सांगत बसावं लागतं. एके दिवशी पहिल्याच वाक्यात लायराच्या जोडीला तिचा डीमन लिहिला गेला. डीमन म्हणजे काय, हे तेव्हा खुद्द लेखकालाही ठाऊक नव्हतं. लिहिता लिहिता उलगडलं: माणसाचा जीवच, पण शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात. लायरानं थांबायचं म्हटलं की पॅननं, म्हणजे तिच्या डीमननं, निघायचा आग्रह धरायचा. प्रसंग धावू लागला.

पुढचा शोध तर याहून मोठा. सुरुवातीला पुलमन यांनी सगळ्यांचेच डीमन रूप बदलणारे कल्पिले होते. ती गंमत होती, अर्थ नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं की रूप बदलावं ते फक्त मुलांच्या डीमननं. वयात आल्यावर एकच रूप, कायमचं. या एका नियमानं मालिकेला तिचा विषय दिला. मुलांपासून त्यांचे डीमन कापून वेगळे करणारं बोल्व्हांगारचं ते केंद्र वाचताना आपल्या अंगावर काटा येतो, तो या नियमामुळेच.

डीमन म्हणजे बोलायला खरोखर समोर असलेलं कोणीतरी, हे रंगमंचाला पडद्याआधी कळलं, असं माझं ठाम मत आहे. २००३च्या डिसेंबरात लंडनच्या नॅशनल थिएटरनं निकोलस हिट्नर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘हिज डार्क मटेरियल्स’ या पहिल्या तीन पुस्तकांचं मिळून दोन भागांचं, सुमारे सहा तासांचं नाटक केलं. त्यात डीमन बाहुल्यांच्या रूपात होते आणि त्यांना चालवणारी माणसं रंगमंचावरच असत. पहिल्या पुस्तकावरच्या २००७च्या चित्रपटाकडे प्रचंड पैसा होता, संगणकी दृश्यांसाठी त्याला ऑस्करही मिळालं. पण पुस्तकाची शेवटची, सर्वांत दुखरी प्रकरणं चित्रित करूनही पुढच्या भागासाठी बाजूला ठेवली गेली आणि तो भाग कधी आलाच नाही. २०१९च्या बीबीसी मालिकेनं चित्रीकरणाच्या वेळी पुन्हा बाहुल्याच आणल्या, म्हणजे नटांना नजर मिळवायला समोर कोणी असावं. पडद्यावर नंतर त्यांची जागा संगणकानं घेतली, तरी नटांच्या अभिनयात त्या बाहुल्या उरल्या आहेत.

पुलमन मुळात शाळामास्तर. ऑक्सफर्डच्या शाळांमध्ये ते वर्षानुवर्षं मुलांना ग्रीक पुराणकथा, ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ सांगत. वाचून दाखवत नसत, तोंडी सांगत. तीच कथा या वर्गात, मग त्या वर्गात, पुढच्या वर्षी पुन्हा. कीर्तनकाराला आख्यान मुरत जावं, तशी त्यांना गोष्ट मुरली. कुठे थांबलं की मुलं पुढे सरकून बसतात, हे त्यांना वर्गानं शिकवलं. ‘हिज डार्क मटेरियल्स’च्या प्रकरणांचे शेवट पाहा, ते त्या वर्गातून आलेले आहेत.

लेखनाची शिस्तही मास्तरांचीच. ऑक्सफर्डच्या घरामागे बागेत एक लाकडी शेड. तिथे बॉलपेननं, रेघांच्या कागदावर, रोज तीन पानं. तीन झाली की चौथ्या पानावर एकच वाक्य लिहून उठायचं, म्हणजे उद्या कोरा कागद समोर येत नाही. प्रेरणेची वाट पाहणाऱ्या प्रत्येक नव्या लेखकानं हे चौथ्या पानावरचं वाक्य करून पाहावं. पुढे घर बदललं तेव्हा पुलमन यांनी ती शेड चित्रकार टेड ड्युवन यांना देऊन टाकली. अट एकच: तिथे निर्मितीचंच काम व्हायला हवं.

‘द अँबर स्पायग्लास’ या तिसऱ्या कादंबरीतले चाकांवर पळणारे म्युलेफा हे प्राणी स्लोव्हेनियातल्या ब्लेड सरोवराच्या काठी जन्मले. पुलमन मुलाबरोबर सरोवराला फेरी मारत होते आणि बापलेक एकच प्रश्न सोडवत होते: निसर्गात चाकं असलेला प्राणी का नाही? चाक शरीराचाच भाग असेल तर त्याला रक्त कसं पोचणार? म्हणजे चाक बाहेरचं हवं. मग एका अजस्र झाडाच्या गोल, कठीण शेंगा आल्या. चाकाला सपाट रस्ता लागतो, तो कोण बांधणार? मग लाव्हा थिजून तयार झालेले रस्ते आले. एकेका प्रश्नाला उत्तर देता देता झाडं, प्राणी आणि जमीन एकमेकांवाचून जगू शकणार नाहीत अशी अख्खी सृष्टी उभी राहिली.

उसनवारीबद्दल पुलमन यांच्याइतका मोकळा लेखक मी दुसरा पाहिला नाही. ‘द अँबर स्पायग्लास’च्या ऋणनिर्देशात त्यांनी तीन मोठी कर्जं मांडली आहेत: मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’, विल्यम ब्लेकचं लेखन आणि जर्मन लेखक हाइनरिश फॉन क्लाइस्टचा कठपुतळ्यांवरचा १८१०चा निबंध. आयोरेक अस्वलाला लायरा काठीनं हुलकावणी देऊ पाहते आणि तो फसत नाही, तो सुंदर प्रसंग सरळ क्लाइस्टच्या निबंधातून आलेला आहे.

एक नाव मात्र पुस्तकांतून आलेलं नाही. जून २०१७मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. पीडितांसाठी लेखकांनी लिलाव मांडला, त्यात पुलमन यांनी आपल्या पुढच्या पुस्तकातल्या एका पात्राला नाव देण्याचा हक्क ठेवला. आगीत गेलेल्या एका विद्यार्थिनीचं नाव द्यावं म्हणून तिच्या जुन्या शिक्षकानं बोली लावली आणि शेकडो अनोळखी लोकांनी त्या बोलीत आपली भर घातली. त्या नावाची मुलगी ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’ या कादंबरीच्या अखेरीस लायराला भेटते. ‘द रोझ फील्ड’ हातात घेण्याआधी ती पानं पुन्हा वाचावीत, असं मला मनापासून वाटतं.