डिझेलची मळकी बाजू आणि निवळ बाजू

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. आत ओढलेली हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते, त्यामुळे या इंजिनाची ताकद त्या फवाऱ्याच्या बारकाईवर अवलंबून असते. फवारा सोडणाऱ्या भागाला इंजेक्टर म्हणतात. त्याच्या आतील सुई आणि तिच्याभोवतीचे पोलादी घर यांच्यातील फट अवघी २ ते ४ मायक्रॉनची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना न दिसणारा मातीचा कणही या फटीत गेला तर सुई घासते, फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागतात, गाडी काळा धूर सोडते आणि चढावर दम टाकते. टाकी आणि पंप यांच्यामध्ये बसवलेला डिझेल फिल्टर हा या कणांपुढचा अडसर असून, त्याच्या आत घड्या घातलेल्या विशिष्ट कागदातून डिझेल झिरपते आणि मळ मागे राहतो.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले, तेव्हा इंधन दाबलेल्या हवेच्या जोराने आत ढकलावे लागे. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ पासून इंधनपंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यानंतरच हे इंजिन रस्त्यावरील वाहनांत सुटसुटीतपणे बसू शकले. भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००८ पासून बॉश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मायको कंपनीचा इंजेक्टर व नोझल बनवणारा कारखाना नाशिकला आहे, आणि जुने मिस्त्री आजही डिझेल पंपाला सरसकट ‘मायकोचा पंप’ म्हणतात. त्या जुन्या यांत्रिक पंपाचा इंजेक्टर सुमारे २०० बार दाबाला उघडे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण २०० पट. आजच्या पिकअपमध्ये सर्व इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून इंधन पुरवणारी ‘कॉमन रेल’ रचना असते आणि तिच्यातील दाब दीड हजार बारच्याही पुढे जातो. जुने इंजिन थोडाफार मळ सोसत असे, नवे सोसत नाही. म्हणूनच पूर्वी अंगणात सहज होणारे फिल्टर बदलण्याचे काम आजही घरी करता येत असले, तरी ते पूर्वीच्या सवयीने करता येत नाही.

पूर्णा नदीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या दिशेने पसरलेल्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालसारख्या गावात पिकअप हे शेतीचेच एक अवजार असते. कापूस, सोयाबीन, तूर किंवा संत्री घेऊन ती खामगाव, शेगाव, अकोटच्या वाटेला लागते आणि हंगामात तिचा एक दिवस बुडणे म्हणजे भाड्याचा आणि भावाचा एक दिवस बुडणे होय. काळ्या मातीची बारीक धूळ येथे असतेच, पण फिल्टरचा मोठा शत्रू धूळ नसून पाणी आहे, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते व रात्री निवते, तेव्हा आतील हवेतील बाष्पाचे थेंब होतात. डिझेल पाण्याहून हलके असल्याने ते थेंब तळाशी साचतात, लोखंड गंजवतात, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळपट बुळबुळीत साका तयार होतो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीसारख्या प्रसंगी पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या वाहनाच्या टाकीत हवेच्या नळीवाटे किंवा सैल झाकणातूनही पाणी शिरू शकते. हा भाग खारपाणपट्ट्यालगतचा, म्हणजे भूजल खारे असलेल्या पट्ट्यालगतचा आहे, आणि खारे पाणी लोखंडाला गोड्या पाण्यापेक्षा लवकर खाते. म्हणून फिल्टरच्या तळाशी असलेला पाणी काढण्याचा स्क्रू पावसाळ्यात अधूनमधून सैल करून साचलेले पाणी सोडणे हे फिल्टर बदलण्याइतकेच मोलाचे काम आहे, आणि डॅशबोर्डवरील पाण्याचा दिवा लागल्यावर ते लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे.

फिल्टर किती किलोमीटरनंतर बदलावा हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. काम गाडी पूर्ण थंड झाल्यावर मोकळ्या जागी करावे, कारण डिझेल पेट्रोलइतके चटकन भडकत नसले तरी तापलेल्या सायलेन्सरवर सांडल्यास पेटू शकते. बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे आणि जवळपास विडी-काडी नसावी. पाना लावण्याआधी फिल्टरभोवतीची सारी धूळ पुसून काढणे ही पहिली पायरी आहे, कारण नळ्या सुटल्या की त्यांची तोंडे उघडी पडतात आणि वरची माती थेट आत पडते. खाली डबा ठेवून जुने डिझेल उतरवावे, कोणती नळी कोठे होती याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, आणि पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरमधून काढून नव्यात बसवायचा असल्यास त्याचे रबरी कडे नवे वापरावे. गोल डब्यासारखा फिल्टर असल्यास त्याच्या रबरी कड्याला स्वच्छ डिझेलचे बोट लावून तो हातानेच पुस्तिकेत सांगितला तेवढा आवळावा. पान्याने जोर केल्यास रबर चेपते आणि तेथूनच हवा शिरू लागते.

नवा फिल्टर बसवण्यापूर्वी त्यात कॅनमधले डिझेल ओतण्याची पद्धत गावोगावी रूढ आहे, आणि ती गाडी लवकर सुरू व्हावी या समजण्याजोग्या हेतूने पडली आहे. मात्र अशा फिल्टरच्या तोंडाकडे पाहिले तर मध्यभागी एक मोठे छिद्र आणि कडेने लहान छिद्रांचे वर्तुळ दिसते. बहुतेक रचनांत कडेच्या छिद्रांतून मळके डिझेल आत येते आणि कागदातून झिरपून मधल्या छिद्रातून निवळ डिझेल पंपाकडे जाते. मधल्या छिद्रात ओतलेले कॅनमधले डिझेल कागदाला स्पर्शही न करता थेट पंपाकडे पोचते. संरक्षणासाठी बसवलेल्या वस्तूतूनच मळाला वाट मिळते. कॉमन रेल गाडीत फिल्टर कोरडाच बसवून गाडीच्या स्वतःच्या पंपाने भरून घेणे हा सुरक्षित मार्ग होय, मग त्याला चार मिनिटे अधिक लागोत.

त्यानंतरचे काम म्हणजे हवा काढणे. द्रव फारसा दाबला जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते; नळीत हवेचा फुगा राहिला तर पंपाचा जोर तो फुगा दाबण्यातच संपतो आणि इंजेक्टरपर्यंत दाब पोचत नाही. फिल्टरच्या माथ्यावर हातपंप असल्यास तो कडक लागेपर्यंत दाबावा आणि हवेचा स्क्रू किंचित सैल करून बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागल्यावर आवळावा; टाकीत विजेचा पंप असल्यास बॅटरी जोडून चावी तीन-चार वेळा चालू-बंद केल्याने तेच काम होते. हवा न काढता एकसारखा सेल्फ मारत राहिल्यास बॅटरी उतरते आणि कोरडा पंप घासला जातो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल करून हवा काढण्याची रीत होती, परंतु कॉमन रेल इंजिनात ती कदापि वापरू नये, कारण त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि अशी जखम वरून टाचणीएवढी दिसत असली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागेल इतकी गंभीर असू शकते.

गाडी सुरू झाल्यावर काही मिनिटे तशीच चालू ठेवून प्रत्येक जोड कोरडा आहे ना ते पाहावे. उतरवलेले डिझेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतू नये. ते काचेच्या स्वच्छ बरणीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवल्यास त्यातून बरेच काही वाचता येते: तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे, तांबूस गाळ असेल तर टाकी किंवा नळी गंजते आहे, काळा साका असेल तर सूक्ष्मजीव वाढले आहेत आणि टाकी उतरवून धुतल्याशिवाय नवा फिल्टरही लवकरच तुंबेल. उन्हात धरल्यावर त्या गाळात चकाकणारे धातूचे कण दिसले, तर पंपाचीच झीज सुरू झाल्याची शक्यता असते. अशी गाडी आणखी न चालवता डिझेल पंपाची तपासणी करणाऱ्या कारागिराकडे न्यावी, आणि जाताना ती बरणी व जुना फिल्टर सोबत घ्यावा.