औद्योगिक वारसा संवर्धनात स्थानिक संस्थेची भूमिका : क्रॉमफर्ड सूतगिरणीचा अभ्यास

प्रस्तावना :

ऐतिहासिक वारसा म्हटला की किल्ले, लेणी, मंदिरे व राजवाडे आपल्या डोळ्यांसमोर येतात. गिरणी, भट्टी, गोदाम किंवा धुराडे यांना मात्र वारशाचे स्थान सहजासहजी मिळत नाही. उत्पादन थांबले की अशा वास्तू निरुपयोगी ठरतात आणि जमिनीची किंमत वास्तूच्या मूल्याहून मोठी होते. वास्तविक, सामान्य माणसाच्या श्रमाचा इतिहास राजवाड्यापेक्षा गिरणीतच अधिक सापडतो. २००३ च्या निझनी तागिल सनदेने ऐतिहासिक, तांत्रिक, सामाजिक, वास्तुशास्त्रीय किंवा वैज्ञानिक मूल्य असलेल्या औद्योगिक अवशेषांना वारसा म्हणून मान्यता दिली. असा वारसा प्रत्यक्षात कसा टिकतो, हे इंग्लंडमधील क्रॉमफर्ड येथील सूतगिरणीच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्रॉमफर्डची ऐतिहासिक पार्श्वभूमी :

डर्बीशायर परगण्यातील क्रॉमफर्ड या खेड्यात रिचर्ड आर्कराइट याने १७७१ मध्ये पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली. १७६९ मध्ये त्याने सूतकताईच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. या यंत्रात वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या रुळांच्या जोड्यांमधून कापूस ताणला जाई व नंतर त्याला पीळ बसे. त्यामुळे ताण्यासाठी लागणारे मजबूत सूत यंत्रावर निघू लागले. गिरणीसाठी हे ठिकाण निवडण्यामागे पाण्याचे कारण होते. शिशाच्या खाणींतील पाणी बाहेर काढणारा बोगदा येथे उघडत असे. ते पाणी कोमट असल्याने हिवाळ्यातही गोठत नसे व चक्र बंद पडत नसे.

येथे यंत्राइतकीच महत्त्वाची ठरली ती कामाची शिस्त. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत गिरणी रात्रंदिवस चाले. स्त्रिया व लहान मुले मोठ्या संख्येने कामावर असत. कामगार कुटुंबांसाठी आर्कराइटने घरे बांधली. नॉर्थ स्ट्रीटवरील १७७६ ची तीन मजली घरे आजही उभी आहेत. आधुनिक कारखाना पद्धतीचे हे आद्य रूप मानले जाते.

या इतिहासाचा भारताशी जवळचा संबंध आहे. भारतीय छापील सुती कापडाची लोकप्रियता रोखण्यासाठी इंग्लंडने १७२१ मध्ये कायदा करून अशा कापडाच्या वापरावर बंदी घातली होती. १७७४ मध्ये आर्कराइटच्या प्रयत्नांमुळे ब्रिटनमध्ये तयार झालेल्या शुद्ध सुती कापडाला कायदेशीर मोकळीक मिळाली. पुढे यंत्राच्या सुताने व कापडाने भारतीय हातकताई आणि विणकामाच्या बाजारपेठेवरच आघात केला.

ऱ्हासाची कारणे :

ज्या पाण्यामुळे क्रॉमफर्डची भरभराट झाली, त्याच पाण्यामुळे तिचा ऱ्हासही झाला. अधिक खोल पातळीवर खणलेल्या दुसऱ्या बोगद्याने खाणींतील पाणी आपल्याकडे ओढले आणि १८४० च्या दशकापर्यंत गिरणीचा प्रवाह क्षीण झाला. कताई थांबली व इमारती अन्य कामांसाठी वापरल्या गेल्या. १७७६-७७ मध्ये बांधलेली दुसरी गिरणी १८९० च्या आगीत नष्ट झाली. पहिल्या पाच मजली गिरणीचे वरचे दोन मजलेही पुढे आगीतच गेले. विसाव्या शतकात १९२० च्या दशकापासून १९७९ पर्यंत या आवारात रंगद्रव्यांचा कारखाना होता. त्याने शिसे व क्रोमियमयुक्त रसायनांचे प्रदूषण मागे ठेवले.

आर्कराइट सोसायटीचे कार्य :

१९७१ मध्ये गिरणीच्या द्विशताब्दीनिमित्त झालेल्या महोत्सवातून आर्कराइट सोसायटी ही स्थानिक संस्था आकारास आली. १९७९ मध्ये तिने हे आवार विकत घेतले. संस्थेच्या कार्याचे चार विशेष नोंदविता येतील.

१. मालकी : केवळ निवेदने देऊन संस्था थांबली नाही. वास्तूची मालकी व तिच्यासोबत येणारी जबाबदारी दोन्ही तिने स्वीकारली. त्यामुळे निर्णयाचा अधिकार तिच्याकडे राहिला.

२. शुद्धीकरण : डागडुजीपूर्वी भिंती व जमिनीत मुरलेली विषारी रंगद्रव्ये काढणे आवश्यक होते. हे काम खर्चिक, जोखमीचे व दृष्टीस न पडणारे असते. औद्योगिक वास्तूचे संवर्धन इतर स्मारकांपेक्षा येथेच वेगळे ठरते.

३. टप्प्याटप्प्याने काम : सर्व इमारती एकाच वेळी दुरुस्त करण्याचा हव्यास संस्थेने धरला नाही. निधी मिळेल तशी एकेक इमारत हाती घेतली. आवारातील एक पाच मजली इमारत दुरुस्त होऊन तेथील अभ्यागत केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले; म्हणजे खरेदीनंतर सदतीस वर्षांनी.

४. उपयोग : दुरुस्त झालेल्या जागांत दुकाने, उपाहारगृह व कार्यालये आली. त्यांच्या भाड्यातून देखभालीला हातभार लागतो. सार्वजनिक अनुदान दुरुस्तीसाठी मिळू शकते, परंतु रोजच्या देखभालीसाठी नियमित उत्पन्नच लागते.

२००१ मध्ये मॅसन गिरणी ते डर्बी हा सुमारे २४ किलोमीटरचा डरवेंट खोऱ्याचा पट्टा क्रॉमफर्डसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. ही मान्यता संस्थेने आवार ताब्यात घेतल्यानंतर बावीस वर्षांनी आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुंबईच्या संदर्भात विचार :

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीपासून मुंबईतील कापड गिरण्यांचा इतिहास सुरू होतो. कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांनी गिरणगाव वसविला. चाळ, खानावळ, भजनी मंडळ, लोकनाट्य व कामगार चळवळ ही त्याचीच देणगी होय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हे जग ओसरत गेले. २००१ मध्ये विकास नियंत्रण नियमात बदल होऊन मोकळ्या करावयाच्या जमिनीचा हिशेब आकसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला आणि अनेक गिरण्यांच्या जागी मनोरे व व्यापारी संकुले उभी राहिली.

क्रॉमफर्डचा कित्ता येथे जसाच्या तसा गिरविता येणार नाही. खेड्यातील जमीन आणि मुंबईच्या मध्यवर्ती भागातील जमीन यांच्या किमतींची तुलनाच होऊ शकत नाही. स्थानिक संस्थेने गिरणी विकत घ्यावी, अशी अपेक्षा येथे अवास्तव ठरेल. शिवाय येथे गिरणी बंद पडण्याचा अनुभव एका जिवंत पिढीचा आहे. देणी व घर यांचा प्रश्न असणाऱ्या कामगाराला धुराड्याच्या संवर्धनाचे महत्त्व सांगताना हे भान ठेवावेच लागते. म्हणून मालकी शासन वा महापालिकेकडे आणि जतनाच्या निर्णयात कामगार कुटुंबे व स्थानिक संस्थांचा सहभाग, असा मार्ग अधिक योग्य वाटतो. केवळ दर्शनी भिंत वा धुराडे राखून आतील श्रमाची कथा पुसून टाकणे हे संवर्धन नव्हे.

निष्कर्ष :

औद्योगिक वास्तू केवळ कौतुकाने टिकत नाही. तिला जबाबदार धनी, चिकाटीने केलेले शुद्धीकरण व दुरुस्ती आणि वर्तमानातील उपयोग लागतो. क्रॉमफर्डमध्ये हे घडले, कारण बाहेरची मान्यता येण्यापूर्वीच स्थानिक लोकांनी त्या पडक्या आवाराचे मूल्य ओळखले होते. महाराष्ट्रातील जुन्या गिरण्या, छापखाने, साखर कारखाने व रेल्वे कार्यशाळा यांची नोंद करणे, कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे व नकाशे तयार करणे एवढे काम तर स्थानिक महाविद्यालये व इतिहास मंडळे मोठ्या निधीविनाही करू शकतात. वास्तू पाडल्यावर तिचा आराखडा कदाचित कागदपत्रांत मिळेल, परंतु तेथे काम केलेल्या माणसाची साक्ष त्याच्या हयातीतच घ्यावी लागते.