धरण हलते, ते कोणी मोजावे?

धरण म्हणजे अचल वस्तू, हा आपला समज शास्त्राला मान्य नाही. भोरजवळचे भाटघरचे दगडी धरण शंभरीला टेकले आहे. अशी धरणे जलाशय भरला की पाण्याच्या रेट्याने काही मिलिमीटर पुढे झुकतात आणि पाणी ओसरले की मागे येतात. मातीच्या धरणाचे तसे नाही. खचलेला भराव आपणहून वर येत नाही.

पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले, ते याच कारणाने. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असतानाच जलाशय भरला आणि मोरीवरील भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचली. परंतु खचणे डोळ्यांना दिसू लागले तेव्हा वेळ उरली नव्हती. पुण्यात हाहाकार उडाला.

आज संगणक धरणाचे हजारो लहान घटक कल्पून, अमुक पातळीला व तापमानाला माथा किती हलावा, याचे गणित मांडतो. तो प्रत्यक्षात किती हलला, हे धरणाच्या पोटातील ओळंबा आणि माथ्यावरील मोजणी सांगते. या दोहोंतील वाढती तफावत हीच धोक्याची पहिली सूचना होय.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांवर मापनयंत्रे बंधनकारक केली, हे योग्यच झाले. मात्र नोंदी वहीत पडून राहिल्या, तर संगणकाचे गणितही व्यर्थ ठरेल. त्या तज्ज्ञांनी वेळेवर वाचाव्यात आणि धरणाखालच्या गावांनाही पाहावयास मिळाव्यात, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.