डिग्री घरपोच, पण उगवणशक्ती किती?

ऑफिस सांभाळून एमबीए, तेही गावातल्या घरी बसून... आयडिया भन्नाट आहे! फक्त ईएमआयच्या फॉर्मवर सही ठोकण्याआधी एक दिवस थांबायची तयारी हवी.

रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन. "ताई, आज बारापर्यंत भरले तर पंचवीस हजार डिस्काउंट आहे. भरू का?"

कसले, विचारलं. तर म्हणे ऑनलाइन एमबीए. भाऊ देऊळगाव राजाला राहतो. बी.कॉम. झालाय, जालन्यात एका बियाणे कंपनीत अकाउंट्स बघतो. रोज बाइकवर तीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. 'अॅकॅडमिक काउन्सेलर' नावाच्या कुणीतरी त्याला चार दिवसांत अकरा फोन केले होते. फी एक लाख साठ हजार, चोवीस हप्ते, 'नो कॉस्ट ईएमआय'. सोबत एकदम चकाचक ब्रोशर, त्यावर बड्या बड्या कंपन्यांचे लोगो.

"आज नको," म्हटलं आणि शनिवारी मी सरळ देऊळगाव राजा गाठलं.

आता खरं सांगायचं तर जाताना मी पोराला झापायच्या मूडमध्ये होते. पण मामीच्या हातचा चहा घेत त्याचं म्हणणं ऐकलं आणि जरा गप्पच झाले. त्याचा हिशोब पक्का होता. पुण्याला जाऊन रेग्युलर एमबीए करायचं म्हणजे नोकरी सोडायची. कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, दोन वर्षं पगार शून्य. घरी मामाची शेडनेट, बीजोत्पादनाची. क्रॉसिंगच्या दिवसांत सकाळी माणूस कमी पडला की हाच पुढे. विद्यापीठ अमरावतीला, म्हणजे जिल्ह्याच्याही बाहेर. मग रात्री आठला लॅपटॉप उघडून लेक्चर ऐकणारा पोरगा काय चुकीचं करतोय? लाइट गेली तर रेकॉर्डिंग आहेच. शिवाय यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच. सरकारी फॉर्म भरतानाही ती चालते. 'ऑनलाइन म्हणजे बोगस' हा आपल्या ऑफिसच्या कँटीनमधला फंडा आता जुना झालाय, मंडळी.

मग प्रॉब्लेम कुठेय?

प्रॉब्लेम असा, की भाऊ ज्याला 'युनिव्हर्सिटी' म्हणत होता ती युनिव्हर्सिटी नव्हतीच. ती होती एक कंपनी. आपल्याकडे नफ्यासाठी विद्यापीठ काढताच येत नाही. ते ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनीनंच चालवायचं. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं, की संस्थेच्या विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवा, पण नफेखोरी नको. कागदावर झकास! प्रत्यक्षात विद्यापीठ पदवी देतं आणि जाहिरात, कॉल सेंटर, अॅप, हप्ते हा सगळा धंदा शेजारी उभी असलेली एड-टेक कंपनी बघते. त्यात गैर काहीच नाही, मदत म्हणून कंपनी घ्यावी. पण फ्रँचायझी दिल्यासारखं सगळं तिच्या हवाली करायला परवानगी नाही, असं यूजीसीनं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर बजावलं होतं. आमच्या ब्रोशरमध्ये कंपनीचं नाव पानभर आणि विद्यापीठाचं नाव शेवटच्या पानावर, तळाला.

अमेरिकेत मात्र असा आडपडदा नाही. तिथे नफ्याचं विद्यापीठ उघडपणे चालतं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ फीनिक्स. जॉन स्पर्लिंग यांनी १९७६ मध्ये ते काढलं, तेही नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. तिचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले १९८९ मध्ये. योगायोग बघा, आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही १९८९ चंच. एकाच साली दोघांना एकच प्रश्न दिसला: कामावर जाणाऱ्यानं शिकायचं कधी? उत्तरं मात्र दोन टोकांची. फीनिक्सचे विद्यार्थी २०१० च्या सुमारास साडेचार लाखांवर गेले आणि मग धडाधड घसरले. मायक्रोसॉफ्ट, ट्विटर अशा कंपन्यांशी आपले खास संबंध आहेत असा भास जाहिरातींतून निर्माण केल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं केला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये १९ कोटी १० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यातले सुमारे १४ कोटी तर विद्यार्थ्यांकडून येणं असलेल्या रकमा माफ करण्याचे.

हे वाचून भावानं ब्रोशरवरच्या लोगोंकडे परत एकदा बघितलं. 'हायरिंग पार्टनर' म्हणजे नेमकं काय, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

इतका वेळ मामा बाजेवर बसून ऐकत होते. ते मध्येच म्हणाले, "मले एक सांग. आम्ही बियाणं देतो कंपनीला, तर ते आधी तपासतात. उगवण पाहतात, शुद्धता पाहतात, लॉट पास झाला तरच पैसे. अन् हे आधीच सगळे पैसे काहून मागून राहिले?"

बिझनेस स्कूलमध्ये असा प्रश्न विचारला असता तर टाळ्या पडल्या असत्या, राव!

मग आम्ही कामाला लागलो. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या साइटवर विद्यापीठ शोधलं. तिथे नुसतं नाव असून भागत नाही. तोच कोर्स, त्याच सत्रासाठी, 'ऑनलाइन' या सदरात मान्य असावा लागतो. आमचा होता. म्हणजे पोरगा अगदीच फसत नव्हता. (इंजिनीअरिंग, नर्सिंग, फार्मसी, लॉ असलं काही ऑनलाइन पदवी म्हणून विकत असेल तर मात्र फोनच ठेवा. ते मान्यच नाही.) मान्यतेचा हा कंटाळवाणा तपास का करायचा, याचं उत्तर ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात आहे. चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीनं वाटलेल्या इंजिनीअरिंगच्या पदव्या सुप्रीम कोर्टानं अडकवल्या. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना निदान पुन्हा परीक्षा द्यायची संधी मिळाली, नंतरच्यांच्या पदव्या थेट रद्द. नोकरी, प्रमोशन, संसार सगळं मार्गी लागल्यावर दारात येणारा असा कागद कुणाला हवाय?

दुसरी भानगड हप्त्यांची. तो 'ईएमआय' म्हणजे फीचा हप्ता नव्हता, ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, भावाच्या नावावर. कोर्स सोडला तरी ते चालूच राहणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देणाऱ्यानं खर्चाचा सगळा तपशील एका पानावर आधी द्यायचा, आणि सुरुवातीला काही काळ दंडाशिवाय बाहेर पडायची मुभा ठेवायची. ते पान मागितल्यावर काउन्सेलर म्हणाला, "सर, ते नंतर मेलवर येतं."

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. माझ्या मास कॉमच्या वर्गातल्या निम्म्या गोष्टी मी कँटीनमध्ये शिकले आणि पहिलं कामही तिथल्याच मैत्रिणीमुळे मिळालं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर चारशे जण असले तरी ती कटिंग चहाची ओळख होत नाही. पण हेही खरं, की कँटीनसाठी मी नोकरी सोडली नव्हती. मला सोडायला नोकरीच नव्हती.

रविवारी भावानं ठरवलं ते असं: कर्ज नाही. फी विद्यापीठाच्या खात्यात, पहिल्या सत्रापुरतीच. नाहीतर इग्नू किंवा मुक्त विद्यापीठ, जिथे फी खासगीच्या मानानं अगदी कमी आणि लोगो एकच. लेक्चरची चमक कमी असेल, अभ्यास स्वतःच्या हिमतीवर करावा लागेल, हे त्याला माहितीय. त्यानं काउन्सेलरला तसं कळवलं. पलीकडून उत्तर आलं, "सिनियरशी बोलून सांगतो."

रोज तीनदा वाजणारा फोन त्यानंतर आठ दिवस वाजलाच नाही. मामा मात्र रोज संध्याकाळी विचारतात, "काय रे, झाला का लॉट पास?"