लॅपटॉपवर पाणी किंवा चहा सांडला तर डेटा कसा वाचवायचा? तांदळाचा डबा का उपयोगाचा नाही?

लॅपटॉपवर काही सांडलं की बहुतेक जण तीन गोष्टी करतात. फडक्याने पुसतात, पंख्याखाली ठेवतात आणि अर्ध्या तासाने 'चालू होतोय का बघू' म्हणून बटण दाबतात. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महाग पडते. अनेकदा सांडलेल्या पाण्याने जेवढं नुकसान होत नाही, तेवढं ते बटण दाबल्याने होतं.

आता हाच प्रसंग जुलै महिन्यात, लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावात घडलाय असं समजा. नागफणीच्या सुळक्याकडे जाणारी वाट याच गावातून जाते. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर चार हजार मिलिमीटरच्या पुढे. ढग खिडकीतून थेट घरात येतात आणि दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. मावळात राहणारे विद्यार्थी, होमस्टे चालवणारी कुटुंबं, पुण्या-मुंबईहून येऊन इथून काम करणारे लोक, सगळ्यांकडे लॅपटॉप आहे. इंटरनेटवर मात्र सल्ला मिळतो, 'दोन-तीन दिवस वाळू द्या, होईल ठीक.' जिथे टॉवेल वाळत नाही तिथे लॅपटॉपच्या आतलं पाणी कसं वाळणार?

लॅपटॉप भिजतो तेव्हा नेमकं काय होतं, पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं आणि आतले फोटो, कागदपत्रं, प्रबंध, हिशेब परत मिळण्याची शक्यता कशावर ठरते, हे या लेखात समजून घेऊ.

पाणी आत गेल्यावर नेमकं काय होतं?

नुकसान दोन प्रकारचं असतं. एक लगेच होतं, दुसरं हळूहळू.

लगेच होणारं नुकसान म्हणजे शॉर्ट सर्किट. लॅपटॉपचा चार्जर साधारण १९-२० व्होल्ट वीज देतो. प्रोसेसरला मात्र एक व्होल्टच्या आसपास वीज लागते. मदरबोर्डवर या दोन्ही प्रकारच्या वाटा एकमेकींपासून काही मिलिमीटरवर असतात. मध्ये पाणी आलं की जास्त दाबाची वीज कमी दाबाच्या वाटेत घुसते आणि चिप क्षणात जळू शकते.

हळूहळू होणारं नुकसान म्हणजे गंज. ओल, क्षार आणि वीज एकत्र आली की बोर्डावरचे धातूचे सांधे झिजायला लागतात. काही दिवसांनी तिथे हिरवट-पांढरी पूड दिसते. म्हणून 'भिजला होता पण चालू झाला' असा लॅपटॉप दोन-तीन आठवड्यांनी अचानक बंद पडू शकतो.

शॉर्ट सर्किटला वीज लागते आणि गंजही विजेमुळे वेगाने वाढतो. आणि लॅपटॉप शटडाऊन केला म्हणजे वीज बंद झाली असं नसतं. बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. म्हणून वीज तोडणं हे पहिलं काम, वाळवणं नंतरचं.

काय सांडलं यावरही बरंच अवलंबून असतं

फिल्टरचं पाणी त्यातल्या त्यात बरं. दूध-साखरेचा चहा वाईट, कारण पाणी उडून गेलं तरी साखर आणि दूध बोर्डाला चिकटून राहतात आणि हवेतली ओल धरून ठेवतात. कोल्ड्रिंकमध्ये साखरेसोबत आम्लही असतं. समुद्राचं पाणी आणि पुराचं पाणी सगळ्यात वाईट. एकात मीठ, दुसऱ्यात चिखल आणि सांडपाणी.

म्हणजे चहा सांडलेला लॅपटॉप नुसता वाळवून भागत नाही, तो आतून स्वच्छ करावा लागतो.

पहिली दहा मिनिटं: हे करा

१. चार्जर लावलेला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिन काढा. बोर्ड किंवा हात ओले असतील तर घराचा मेन स्विच बंद करा. लॅपटॉपपेक्षा जीव महत्त्वाचा.

२. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. 'फक्त ही फाइल सेव्ह करतो' हा मोह टाळा. त्या एका फाइलसाठी बाकीच्या हजारो फाइल्स पणाला लागतात.

३. पेनड्राइव्ह, माऊस, हेडफोन, मेमरी कार्ड, सगळं काढा.

४. लॅपटॉप उघडाच ठेवून उलटा करा. टेबलाच्या कडेवर तंबूसारखा, कीबोर्डची बाजू खाली येईल असा. खाली टॉवेल ठेवा. हलवू किंवा झटकू नका, पाणी अजून आत पसरतं.

५. जुन्या मॉडेलची बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. नव्या मॉडेलमध्ये ती आत, स्क्रूमागे असते. उघडायची सवय असेल तरच मागचं झाकण काढून बॅटरीची पिन सोडवा. सवय नसेल तर लॅपटॉप त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि पहिलं वाक्य हेच सांगा, 'आधी बॅटरी काढा.'

६. काय सांडलं, अंदाजे किती, किती वाजता आणि तेव्हा लॅपटॉप चालू होता का, हे मोबाइलवर लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्याला याचा खरंच उपयोग होतो.

बॅटरी फुगलेली दिसली, गरम लागली किंवा गोडसर-रासायनिक वास आला तर ती काढायला जाऊ नका. लॅपटॉप उघड्या जागी, फरशीवर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा.

आणि हे करू नका

तांदळात ठेवू नका. तांदूळ आजूबाजूची थोडी ओल शोषतो, पण मदरबोर्डवरच्या चिपखाली अडकलेलं पाणी ओढून घेत नाही. साखर आणि क्षार तर काढतच नाही. उलट तांदळाची पूड आणि कण पोर्टमध्ये जातात. २०२४ मध्ये ॲपलनेही भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, असं आपल्या मदतीच्या सूचनांमध्ये सांगितलं होतं. लॅपटॉपलाही तेच लागू होतं.

हेअर ड्रायर वापरू नका. गरम झोताने प्लास्टिक आणि कीबोर्डचे थर वाकतात आणि पाणी कोरड्या भागाकडे ढकललं जातं.

तपासायला चालू करू नका. चार्जरही लावून बघू नका. काही मॉडेल झाकण उघडताच किंवा चार्जर जोडताच आपोआप चालू होतात, म्हणून झाकण उगाच उघड-बंद करू नका.

मग वाळवायचं कसं?

कोरड्या हवेच्या गावात उघडून ठेवलेला लॅपटॉप दोन-तीन दिवसांत बऱ्यापैकी वाळतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर हवाच ओलीने भरलेली असते, त्यामुळे पाणी उडून जायला जागाच नसते. तिथे 'थांबून बघू' म्हणजे गंजाला दिलेली मुदत.

म्हणून कुरवंड्यासारख्या ठिकाणी थांबण्यापेक्षा उघडून साफ करणं हाच बरा मार्ग. दुरुस्तीवाला मदरबोर्ड बाहेर काढतो, जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुतो. काही जणांकडे त्यासाठी अल्ट्रासॉनिक क्लीनर असतो. अल्कोहोल पाण्याला सोबत घेऊन पटकन उडून जातं. हे काम एक-दोन दिवसांत झालं तर बोर्ड वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

लोणावळ्यात सोय झाली नाही तर पुण्याला जाणारी लोकल आहेच. नेताना लॅपटॉप बंद, बॅटरी शक्यतो सोडवलेली आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरे.

लॅपटॉप गेला म्हणजे डेटा गेला का?

नाही. कीबोर्ड, स्क्रीन, मदरबोर्ड यांपैकी काहीही जळालं तरी डेटा वेगळ्या भागात असतो. तो भाग कोणता, यावर पुढचं सगळं ठरतं.

हार्ड डिस्क असेल तर: साधारण दहा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. नुसता चहा सांडला असेल तर पाणी बहुतेक वेळा तिथपर्यंत पोचत नाही. डिस्क काढून केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइल्स दिसू शकतात. पण डिस्क स्वतः ओली झाली असेल तर ती जोडू नका आणि घरी तर उघडूच नका. आतल्या तबकडीवर धुळीचा एक कणही ओरखडा पाडतो.

सुटी एसएसडी असेल तर: आजच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी असते आणि ती एका स्क्रूने निघते. ती कोरडी आणि स्वच्छ करून एसएसडीच्या डबीत, म्हणजे यूएसबी एन्क्लोजरमध्ये बसवली की पेनड्राइव्हसारखी वापरता येते. अशी डबी साधारण हजार-दीड हजार रुपयांत मिळते. घेताना एसएसडी एनव्हीएमई आहे की साटा, ते दुकानात दाखवून घ्या.

स्टोरेज बोर्डावरच जोडलेलं असेल तर: अलीकडच्या मॅकबुकमध्ये आणि काही पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये स्टोरेजच्या चिप मदरबोर्डवरच बसवलेल्या असतात. एम१ आणि त्यानंतरच्या मॅकबुकमध्ये डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली मुख्य चिपमध्येच असते. त्यामुळे स्टोरेजची चिप काढून दुसरीकडे वाचणं शक्य नसतं. तोच बोर्ड निदान एकदा चालू करावा लागतो. इथे 'मदरबोर्ड बदलून देतो' याचा अर्थ 'डेटा विसरा' असा होतो.

एक कुलूप, जे अनेकांना माहीतच नसतं

समजा तुमची एसएसडी व्यवस्थित निघाली. दुसऱ्या संगणकाला जोडली. आणि समोर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. हे बिटलॉकर. नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोरीपासून संरक्षण म्हणून हे चांगलंच आहे. पण की नसेल तर भली मोठी लॅबही काही करू शकत नाही.

ही की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. अडचण अशी की लॅपटॉप दुकानदाराने किंवा भावाने स्वतःच्या खात्याने सुरू करून दिलेला असेल तर की त्यांच्या खात्यात असते. लॅपटॉप चालू आहे तोवरच हे तपासा. मॅकवर फाइलव्हॉल्ट वापरत असाल तर त्याचीही रिकव्हरी की जपून ठेवा.

पुरात बुडालेल्या डिस्कचं काय?

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये आलेल्या पुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. अशा पुरात दुकानांतले, दवाखान्यांतले संगणक तासन्‌तास गढूळ पाण्यात राहतात. इथे नियम उलटा आहे. पूर्ण बुडालेली हार्ड डिस्क घरी वाळवू नका. पाणी उडून गेलं की आतला गाळ तबकडीवर घट्ट बसतो. डिस्क ओलसर असतानाच बंद प्लास्टिक पिशवीत घालून लवकरात लवकर डेटा रिकव्हरी लॅबला पोचवायची.

आशा सोडण्याचं कारण मात्र नाही. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया अवकाशयान पृथ्वीवर परतताना नष्ट झालं. अवशेषांमध्ये एका प्रयोगाची जळून वितळलेली हार्ड डिस्क सापडली. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तिच्यातला जवळपास ९९ टक्के डेटा परत मिळवला आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तबकड्या शाबूत होत्या, म्हणून ते जमलं.

दुरुस्तीवाल्याला काय सांगायचं, काय विचारायचं?

दुरुस्तीवाल्याचं काम लॅपटॉप चालू करणं आहे. तुम्हाला डेटा हवा असेल तर ते वेगळं आणि आधी सांगावं लागतं.

'मला डेटा आधी हवा आहे, फॉरमॅट करू नका, विंडोज नव्याने टाकू नका' हे पावतीवर लिहून घ्या. बदललेला प्रत्येक भाग परत मागा. डेटा काढताना आधी डिस्कची पूर्ण नक्कल करून त्या नकलेवर काम करणार का, ते विचारा. तपासणीचे किती, डेटा मिळाला नाही तर किती, हे पैसे आधीच ठरवा. वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान सहसा बसत नाही. अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन घेतला असेल तर उघडण्याआधी कंपनीला कळवा.

मिटलेल्या फाइल्स परत आणणारं सॉफ्टवेअर इथे कामाचं नाही. ते चुकून डिलीट झालेल्या फाइल्ससाठी असतं. ओल्या किंवा गंजलेल्या डिस्कवर ते तासन्‌तास चालवलं तर डिस्क उरलीसुरलीही संपते.

आणि साफसफाईनंतर लॅपटॉप चालू झालाच, तर पहिलं काम एकच. महत्त्वाचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवा. बाकी काम नंतर.

पाऊस सुरू व्हायच्या आधी

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हा जुना नियम आजही चालतो. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी त्यात भर घालावी. बॅकअपची डिस्क ओलसर कपाटात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. लॅपटॉप खिडकीपासून लांब आणि चहाचा कप त्याच टेबलावर नको. वर्षातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडूनही बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे बॅकअप नसणंच.

आज पाच मिनिटं काढा. बिटलॉकरची की कुठल्या खात्यात आहे ते बघा, आणि जी फाइल गेली तर रडू येईल ती आत्ताच दुसरीकडे कॉपी करा. लॅपटॉप नवा घेता येतो, ती फाइल नाही.