आठ महिन्यांचा अज्ञातवास

वाळूच्या टेकड्या, उंटांचे तांडे आणि क्षितिजापर्यंत पसरलेले निर्जन मैदान एवढीच ज्यांची मरुभूमीची कल्पना आहे, त्यांना अकोला आणि अमरावती या कापसाच्या जिल्ह्यांची गणना तीत केलेली विक्षिप्तपणाची वाटेल. आणि सरकारी दप्तराच्या दृष्टीने ते रास्तही आहे, कारण जेथे वर्षाकाठी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो त्या मुलखाला वाळवंट म्हणण्याची तजवीज कोणत्याही जमाबंदीत नाही. परंतु हा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच आटोपतो. ज्याच्या त्वचेतून पाणी जितक्या सहजतेने आत येते तितक्याच सहजतेने बाहेर निघून जाते, अशा प्राण्याच्या नजरेने वैशाखातल्या वऱ्हाडाकडे पाहावे: पारा ४५ अंशांच्या वर गेलेला, नाल्यांत नुसती गोटे-वाळू उरलेली, काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. बेडकापुरते बोलायचे तर हे आठ महिने वाळवंटाचेच होत.

मग मृगाच्या पहिल्या दोन-तीन दमदार सरी कोसळताच, कालपर्यंत जेथे धूळ उडत होती त्याच पांदणीच्या डबक्यात रात्रभर जो कोलाहल माजतो, तो करणारे येतात कोठून? ते आकाशातून पडतात, अशी समजूत खेड्यापाड्यांतून अद्याप आढळते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ते खालून, पायाखालच्या मातीतून येतात.

माती उकरून राहणाऱ्या या बेडकांपैकी दोन विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. योहान गोटलोब श्नायडर या जर्मन प्रकृतिशास्त्रज्ञाने १७९९ साली दोघांचेही नामकरण केले. पहिला, स्फेरोथेका ब्रेव्हिसेप्स, दोन-अडीच इंचांचा, गोल अंगाचा, आखूड तोंडाचा आणि आखूड पायांचा. दुसरा, युपेरोडॉन सिस्टोमा, त्याहूनही लठ्ठ, इवल्याशा डोक्याचा, मुंग्या आणि वाळवी यांवर उपजीविका करणारा आणि संकट दिसताच अंग फुगवून बसणारा. स्फेरोथेका वंशातील बेडूक वरवर इतके एकसारखे दिसतात, की भारतभरचे पुष्कळसे बेडूक दीर्घकाळ त्या एकाच नावाखाली नोंदले जात होते. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी शरीररचना आणि जनुकीय पुरावा यांची छाननी करून २०१७ साली पश्चिम भारतातील एक जाती निराळी काढली आणि तिला स्फेरोथेका पश्चिमा हे नाव दिले. आपल्या बांधावरच्या प्राण्याची ओळख पटण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागावा, हे आपल्या कुतूहलाला फारसे भूषणावह नाही.

अशा माती उकरणाऱ्या बेडकाचे सारे सामर्थ्य त्याच्या मागच्या पायांत आहे, परंतु ते उडीसाठी नव्हे. तळपायाच्या आतल्या कडेला त्याला एक कठीण, धारदार उंचवटा असतो आणि तो वखराच्या पाशीसारखा माती कापीत जातो. उंदीर किंवा घोरपड तोंड पुढे करून बीळ खणते. हा मात्र पाठमोरा उतरतो. दोन्ही पाय आळीपाळीने बाजूला झाडीत, अंगाला किंचित हेलकावे देत तो खाली सरकतो, सैल झालेली माती त्याच्यावर ढासळते आणि पाहता पाहता डोळेही दिसेनासे होतात. मागे दार राहत नाही, म्हणून शत्रूला माग राहत नाही.

खाली गेल्यावर तो जे करतो ते अधिक विस्मयकारक आहे. श्वसन आणि हृदयक्रिया मंदावते, अन्नाची गरज संचित मेदावर भागते आणि मूत्राशयात साठविलेले पाणी शरीर पुन्हा शोषून घेऊ लागते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही; पोटाखालच्या त्वचेने तो ओल्या मातीतूनही ओल खेचून घेतो. माती अधिक कोरडी झाली तर? अमेरिकेच्या वाळवंटातील स्पेडफूट बेडकांवर झालेल्या संशोधनात असे आढळले, की जमिनीखालील वास्तव्यात त्यांच्या शरीरात युरिया साचत जातो, शरीरद्रव अधिक तीव्र होतो आणि त्यामुळे कोरडी होत चाललेली मातीही त्यांचे पाणी सहजासहजी हिरावून नेऊ शकत नाही. इतर प्राण्यांना जे विष बाहेर टाकावे लागते, तेच येथे ठेव म्हणून सांभाळले जाते. ऑस्ट्रेलियातील जलधारी बेडूक तर मूत्राशय पाण्याने भरून घेतो आणि टाकलेल्या त्वचेच्या पापुद्र्यांचा कोश अंगाभोवती लपेटून पडून राहतो. तेथील आदिवासी तहान भागविण्यासाठी त्याला उकरून काढीत.

या दीर्घ मौनाची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात वर्षभर व्रतस्थ पडून राहून पर्जन्यकाळी वाचा फुटलेल्या बेडकांचे वर्णन आहे. पंचांगात पर्जन्यनक्षत्राचे वाहन बेडूक असले की कास्तकाराचा जीव भांड्यात पडतो. पाऊस ओढ देतो तेव्हा निघणाऱ्या धोंडीत मुले काठीला कडुनिंबाचा पाला आणि बेडूक बांधून घरोघर पाणी मागत फिरतात. मात्र त्या वेळी हाती लागतो तो बहुधा विहिरीकाठचा बेडूक, कारण खरा जाणकार अजून खालीच असतो.

वर आल्यावर त्याला सवड अशी नसतेच. नर डबक्यातून साद घालतात, मादी येते, अंडी पाण्यात पडतात, आणि पाणी आटण्यापूर्वी शेपटीच्या पिल्लाचा चौपायी बेडूक व्हावा लागतो. अमेरिकेतील एका स्पेडफूट जातीत हे स्थित्यंतर आठ-दहा दिवसांतही उरकते. आपल्या बेडकांना काही आठवडे लागतात, आणि ती मुदत त्यांना मिळवून देते ती वऱ्हाडची काळी मातीच. उन्हाळ्यात फाटणारी हीच चिकणमाती पावसात फुगते, भेगा मिटतात आणि उथळ खळग्यातले पाणीही लवकर जिरत नाही. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे, आणि खारे पाणी बेडकाच्या अंगातले पाणी ओढून घेणारे. तेथे आकाशातून पडलेले हे वरचे गोडे पाणी भेकपिल्लांना अधिकच मोलाचे.

हा बेडूक नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, असा कांगावा करण्याचे कारण नाही. ब्रेव्हिसेप्सची गणना जागतिक संवर्धनसूचीत चिंताजनक जातींत होत नाही. परंतु त्याच्या संसाराला लागणाऱ्या दोन गोष्टी, म्हणजे न हलविलेली मऊ माती आणि महिनाभर टिकणारे निर्विष डबके, याच आज शेतातून आधी जातात. धुरे नांगरात घेतले जातात, पांदणीचे खळगे मुरूम टाकून बुजविले जातात, आणि कपाशीवरची फवारणी उताराने वाहत नेमकी त्याच पाण्यात उतरते. वाळवी आणि किडी फुकट खाणाऱ्या या भाडेकरूकरिता कास्तकाराने धुऱ्याची एक पट्टी नांगराविना राखावी, आणि फवारणीचा पंप त्या डबक्यात तेवढा धुऊ नये.